नामवंत गायकाचा कार्यक्रम ठरवताना: पहिल्या फोनपासून शेवटच्या पावतीपर्यंत

वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव, सोसायटीचा वर्धापनदिन, मंडळाची दिवाळी पहाट. निमित्त कुठलंही असो, बैठकीत एखाद्या प्रसिद्ध गायकाचं नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘त्यांचा नंबर कोणाकडे आहे?’ नंबर मिळतो हो. पण फोन लावण्याआधी कागदावर तीन गोष्टी हव्यात: ऐकायला कोण येणार, ते कुठे बसणार आणि एकूण पैसे किती.

एकूण म्हणजे खरंच एकूण. गायकाच्या मानधनात साथीदारांचं मानधन धरलेलं असतंच असं नाही. प्रवास, मुक्काम, सभागृहाचं भाडं, ध्वनी, प्रकाश, संगीताचे परवाने आणि कर हे सगळं मांडा. मानधन देऊनच तिजोरी रिकामी होत असेल, तर त्या नावाचा हट्ट सोडा. कमी प्रसिद्ध पण तयारीचा गायक चांगल्या ध्वनिव्यवस्थेवर ऐकवलात, तर श्रोते दुवा देतील. दुसरा मार्ग प्रकट मुलाखतीचा. मोठा वाद्यवृंद परवडत नसेल तर त्याच कलाकाराला गप्पांसाठी बोलवा, पेटी-तबल्यावर चार-पाच गाणी होऊ द्या. फक्त मुलाखतकार अभ्यास करून येणारा निवडा.

आता तारीख. गणपती, नवरात्र, दिवाळी आणि डिसेंबर-जानेवारीत चांगल्या कलाकारांच्या तारखा फार आधी जातात. पालिकेच्या नाट्यगृहांचंही तेच. तिथे सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं असतात आणि नाटकांच्या तारखा आधीच लागलेल्या असतात. म्हणून हाताशी दोन-तीन तारखा ठेवा आणि सभागृह मिळतंय याची खात्री झाल्याशिवाय कलाकाराला आगाऊ रक्कम देऊ नका. कार्यक्रम उघड्यावर असेल तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लक्षात ठेवा: रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. ठरावीक दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, पण ती वर्षाला १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही आणि पहाटेसाठी ती नाहीच. मैदानावर पाच वाजता दिवाळी पहाट ठेवायचा बेत असेल तर तो सहानंतर न्या किंवा बंद सभागृह घ्या.

संपर्क कलाकाराच्या अधिकृत पानावर दिलेल्या व्यवस्थापकाशीच करा. ‘मी त्यांचे सगळे कार्यक्रम बघतो’ असं सांगणारे मध्यस्थ पुष्कळ भेटतात. त्यातले बरेच प्रामाणिक असतात, तरीही त्या तारखेला कलाकार मोकळा असल्याचं कलाकाराच्याच कार्यालयाकडून ईमेलवर घ्या. पहिला निरोप असा असावा:

‘नमस्कार. आमच्या वाचनालयाला ५० वर्षं होत आहेत. त्यानिमित्त १७ किंवा १८ जानेवारीला सायंकाळी ६ ते ९ आपला कार्यक्रम ठेवण्याची इच्छा आहे. बंद सभागृह, ८०० आसनं, प्रवेश विनामूल्य. साथीदारांसह एकूण मानधन, प्रवास करणाऱ्यांची संख्या आणि ध्वनिव्यवस्थेच्या अपेक्षा कळवाव्यात.’

एवढं वाचल्यावर समोरच्याला काय सांगायचं ते नेमकं कळतं. बजेट कमी असेल तर तेही मोकळेपणानं सांगा. ओळखी काढून, ‘समाजकार्य आहे हो’ म्हणून मानधन पाडायला लावणं मला मनापासून खटकतं. त्या दोन तासांमागे आयुष्यभराचा रियाज असतो आणि साथीदारांचं घर त्यावरच चालतं.

नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन, समोरासमोर बसून सुपारी ठरवतात. शहरातल्या कार्यक्रमात दोन्ही बाजू एकमेकांना अनोळखी असतात, म्हणून सगळं लेखी हवं: कार्यक्रम किती वेळ, साथीदार किती, पैसे किती हप्त्यांत, आजारपण किंवा पावसामुळे रद्द झाला तर आगाऊ रकमेचं काय. चित्रीकरण आणि थेट प्रक्षेपणाची परवानगी स्वतंत्रपणे लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यानं सादरकर्त्याला स्वतःचे हक्क दिले आहेत, त्यामुळे ‘आम्ही पैसे दिलेत, आम्ही यूट्यूबवर टाकू’ असं म्हणता येत नाही.

करांचं बोलणं आधीच करा, कारण ‘आम्हाला हातात किती?’ यावरून शेवटी मनं दुखावतात. मानधन ठरावीक मर्यादेपुढे गेलं की संस्थेला साधारणपणे १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून भरायचा आयकर, कापावा लागतो. कलाकार जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के. मात्र शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. हे हिशेबनिसाकडून तपासून घ्या. चित्रपटगीतं होणार असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा परवाना बघा, ध्वनिमुद्रित गाणी वाजणार असतील तर ध्वनिमुद्रण कंपन्यांचे हक्क बघणाऱ्या पीपीएलसारख्या संस्थांचाही. पोलीस ठाण्याची परवानगी आणि मैदानावर अग्निशमन दलाचा दाखला शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि ध्वनी! इथे मात्र हात आखडू नका. बऱ्याच नाट्यगृहांतली यंत्रणा संवादांच्या हिशेबानं बसवलेली असते, गाण्यासाठी बाहेरून माणूस आणि सामान आणावं लागतं. कलाकाराकडून ‘रायडर’, म्हणजे माइक, स्पीकर, मंच यांची यादी, येते. ती आली की लगेच ध्वनिवाल्याकडे पाठवा आणि यातलं काय नाही ते त्याच्याकडून लेखी घ्या. गायकासमोर मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, हवाच, नाहीतर स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही आणि मग ताण गळ्यावर येतो. तबल्याच्या दायाँ-बायाँला वेगळे माइक लागतात. तानपुरे असतील तर वातानुकूलन तासभर आधीच सुरू करा. जुळवून झाल्यावर हवा थंड झाली की तारांचा सूर हलतो आणि पहिला राग जुळवाजुळवीतच जातो. साउंड चेकला किमान दीड तास मोकळा ठेवा. त्या वेळात मंचावर सजावटवाले, समई लावणारे, बॅनर ठोकणारे कोणीही नकोत.

सत्कार आणि भाषणं दहा मिनिटांत उरकावीत. लोक गाणं ऐकायला आलेले असतात, आणि विंगेत गळा तापवून बसलेल्या गायकाला अध्यक्षांच्या मनोगतासाठी अर्धा तास थांबवणं हा त्याचा अपमानच आहे.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी व्हिसाचा वेळ मोठा धरावा. मानधन घेऊन गाणाऱ्या कलाकाराला पर्यटक व्हिसा चालत नाही. पारंपरिक कलांसाठी पी-३ हा वर्ग आहे आणि त्याचा अर्ज तिथल्या आयोजकाला किंवा एजंटला करावा लागतो. दोन-चार शहरांतल्या मंडळांनी मिळून दौरा आखला तर विमानभाडं वाटलं जातं.

कार्यक्रमाच्या दिवशी एक कार्यकर्ता फक्त कलाकारांसाठी ठेवा. गाडी, चहा, आणि जेवण आधी हवं की नंतर, हे त्यानंच बघायचं. बरेच गायक गाण्याआधी जेवत नाहीत, त्यामुळे रात्री गरम जेवण मिळेल याची सोय आधीच करून ठेवा. उरलेली रक्कम करारातल्या वेळेला, खजिनदाराला शोधत फिरावं न लागता, पोचली पाहिजे. टीडीएस वेळेत भरा आणि त्याचं प्रमाणपत्र आठवणीनं पाठवा. बऱ्याच संस्था इथेच ढिल्या पडतात आणि पुढच्या वर्षी त्यांच्या फोनला उत्तर येत नाही.