ऑफिसात मोठा बदल आणायचाय? टीमला सोबत कसं न्यायचं

नवीन सॉफ्टवेअर येतंय, दोन डिपार्टमेंट एकत्र होतायत किंवा कामाची पद्धतच बदलतेय, आणि टीमला त्यातून न्यायची जबाबदारी तुमच्यावर आलीय, तर पहिल्याच मीटिंगला चकचकीत प्रेझेंटेशन दाखवू नका. तेव्हा लोकांच्या डोक्यात एवढंच असतं की माझं काय होणार, काम राहणार का, बॉस कोण, इतकी वर्षं जे शिकलो ते वाया गेलं का. आधी याची उत्तरं द्या. जे अजून ठरलं नाही ते ठरलं नाही असं सरळ सांगा आणि कधी कळेल तेही सांगा, नाहीतर अफवा सुरू झाल्याच म्हणून समजा.

आता खरं महत्त्वाचं. काय बदलायचं हे बऱ्याचदा वरूनच ठरून येतं, पण कसं बदलायचं ते टीमला ठरवू द्या, अगदी मनापासून सांगतोय. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या दोन संशोधकांनी 1948 मध्ये अमेरिकेतल्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला एक प्रयोग छापला होता, त्यात एका गटाला बदल नुसता सांगितला आणि दुसरीकडे गटातल्या सगळ्यांना नवीन पद्धत ठरवण्यातच सामील करून घेतलं. नुसतं सांगितलेल्या गटातले 17 टक्के लोक पहिल्या 40 दिवसांतच काम सोडून गेले आणि उत्पादन काही सावरलं नाही, सामील झालेल्यांपैकी त्या काळात एकानेही सोडलं नाही आणि त्यांचं उत्पादन आधीपेक्षाही वर गेलं! म्हणून ट्रेनिंग कधी, सुरुवात कुठल्या कामापासून, हे टीमलाच विचारा. पण आधीच ठरवून ठेवलेल्या गोष्टीवर मत मागू नका, लोकांना ते लगेच कळतं.

सुरुवातीला काम मंदावणारच. तेवढे दिवस टार्गेट कमी करून घ्या, वरिष्ठांशी भांडावं लागलं तरी चालेल, कारण जुनं टार्गेट आणि नवीन सिस्टीम दोन्ही एकदम डोक्यावर असलं की माणूस चिडतोच.

उत्साहाचं म्हणाल तर तो भाषणातून येत नाही, तुम्ही स्वतः पहिल्या दिवसापासून नवीन सिस्टीमवर काम करताना दिसलात, अडलात तर सगळ्यांसमोर विचारलंत, की बाकीच्यांनाही विचारायला लाज वाटत नाही. जो सगळ्यात जास्त कुरकुर करतो त्याच्याशी एकट्याने बोला, नेमकं काय अडतंय ते विचारा. बऱ्याचदा त्यालाच कामातल्या खाचाखोचा सगळ्यात जास्त माहीत असतात आणि प्लॅनमधलं भोक त्यालाच आधी दिसलेलं असतं.

दर आठवड्याला छोटी मीटिंग घ्या, काय जमलं काय नाही एवढंच बोला, आणि त्यातली निदान एक सूचना पुढच्या मीटिंगच्या आत अमलात आणा, कुणाची होती ते नाव घेऊन सांगा. प्लॅन चुकतोय असं दिसलं तर बदला आणि का बदलला तेही सांगा.

जुनी पद्धत बंद व्हायची तारीख मात्र आधीच जाहीर करा, दोन्ही सिस्टीम चालू राहिल्या की लोक दोनदा एंट्री करत बसतात. तारीख पुढे ढकलायचीच असेल तर एकदाच ढकला.