जिटर जास्त येतोय? बोर्डाला हात लावण्याआधी स्कोप तपासा

५ जीबीपीएसच्या लिंकवर एक बिट, म्हणजे एक यूआय (युनिट इंटरव्हल), २०० पिकोसेकंदांचा. स्कोपने (ऑसिलोस्कोपने) त्यातले ९० पिकोसेकंद टोटल जिटरमध्ये, म्हणजे बिटांच्या कडा ठरल्या वेळेपासून पुढे-मागे सरकण्यात, गेलेले दाखवले की सोल्डरिंग आयर्न तापवायची घाई होते. आधी त्या आकड्यातला बोर्डाचा वाटा किती आणि मोजणीचा किती, ते वेगळं करा.

स्कोप अर्धा तास चालू राहू द्या, मग त्याचं सेल्फ-कॅलिब्रेशन चालवा. बडोद्यात मे महिन्यात कॅलिब्रेशन करून मग एसी लावला, तर ते वाया गेलं. खोलीचं तापमान चार-पाच अंशांनी बदललं की पुन्हा करायचं. एसएमए कनेक्टर (केबलचा आट्यांचा जोड) हाताने आवळून भागत नाही. ८ मिमीचा टॉर्क पाना वापरा, पितळी कनेक्टरला साधारण ०.५६ न्यूटन-मीटर. डिफरन्शियल जोडी (एकच सिग्नल सुलट-उलट वाहणाऱ्या दोन तारा) दोन चॅनेलवर घेत असाल तर डीस्क्यू (दोन केबलमधला वेळेचा फरक काढून टाकणं) टाळू नका. टेफ्लॉनच्या केबलमध्ये १ मिमीचा फरक म्हणजे जवळजवळ ५ पिकोसेकंद. अ‍ॅव्हरेजिंग बंद ठेवा, नाहीतर जो रँडम (नॉइजमुळे येणारा, बेभरवशाचा) जिटर मोजायचा तोच पुसला जाईल.

आता स्कोपचा स्वतःचा जिटर. व्होल्टेजचा नॉइज एजवर (बिट बदलताना सिग्नलच्या चढ-उतारावर) चढला की तो वेळेचा नॉइज होऊन दिसतो. हिशेब सोपा आहे: नॉइजचे आरएमएस मिलिव्होल्ट भागिले एजचा चढ. ४०० मिलिव्होल्टचा सिग्नल २० ते ८० टक्के चढायला ६० पिकोसेकंद घेत असेल, तर चढ ४ मिलिव्होल्ट प्रति पिकोसेकंद. नॉइज २ मिलिव्होल्ट असेल तर अर्धा पिकोसेकंद आरएमएस फुकटचा आला. हे किरकोळ वाटतं, पण लाख कोटी बिटांत एक चूक या पातळीचा टोटल जिटर काढताना रँडम भागाला सुमारे १४ ने गुणतात. म्हणजे ७ पिकोसेकंद गेले. व्होल्ट-पर-डिव्हिजन गरजेपेक्षा दुप्पट ठेवलं तर नॉइजही बहुतेक दुप्पट होतो. सिग्नलने स्क्रीन जवळजवळ भरली पाहिजे, फक्त वर-खाली कापला जाऊ नये. नॉइज मोजायला केबल काढा, इनपुटला ५० ओहमचं टर्मिनेशन लावा आणि तेच व्होल्ट-पर-डिव्हिजन, तीच बँडविड्थ ठेवा. बँडविड्थही उगाच उघडी ठेवू नका. ५ जीबीपीएसला पाचवा हार्मोनिक १२.५ गिगाहर्ट्झवर येतो, त्याच्या फार वर फक्त नॉइज भरतो. रँडम जिटरची वजाबाकी वर्गांनी होते: मोजलेला १.३, स्कोपचा ०.५, तर बोर्डाचा १.२.

सगळ्यात जास्त चुका क्लॉक रिकव्हरीत, म्हणजे डेटावरूनच संदर्भाचा क्लॉक काढण्यात, होतात. यूएसबी ३.० सारख्या लिंकवर स्प्रेड-स्पेक्ट्रम (क्लॉकचा वेग मुद्दाम हलवण्याचा प्रकार) चालू असतो: ३० ते ३३ किलोहर्ट्झने वेग ०.५ टक्क्यापर्यंत खाली सरकतो. स्कोपवर ‘कॉन्स्टंट क्लॉक’ निवडलेला असेल तर हे सरकणं साठत जाऊन शंभरेक यूआयपर्यंत पोचतं आणि आय (एकावर एक रचलेल्या बिटांच्या चित्रातली मोकळी जागा) पूर्ण बंद दिसते. बोर्ड मात्र ठणठणीत असतो. पीएलएल (सिग्नलच्या वेगामागे जाणारा क्लॉक) निवडा, तोही दुसऱ्या ऑर्डरचा. पहिल्या ऑर्डरचा या सरकण्यामागे फरफटत राहतो. कटऑफ (ज्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पीएलएल सरकण्यामागे जातो) मानकात असेल तोच घ्या (यूएसबीच्या ५ जीबीपीएसला ४.९ मेगाहर्ट्झ). मानक नसेल तर बिटरेट भागिले १६६७, म्हणजे इथे ३ मेगाहर्ट्झ. रेकॉर्डच्या सुरुवातीचे काही मायक्रोसेकंद पीएलएल लॉक होण्यात जातात, ते मोजणीतून वगळा.

इथवर येऊनही आकडा मोठाच असेल, तर आता बोर्ड. १०१० पॅटर्न पाठवा. जिटर एकदम उतरला तर दोष चॅनेलचा: ट्रेसची (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेची) लांबी, व्हाया (थर जोडणारी भोकं), इक्वलायझेशन (चॅनेलने दाबलेल्या फ्रिक्वेन्सी भरून काढणं). पॅटर्न बदलूनही एक आड एक बिट लहान-मोठा येत असेल तर आधी थ्रेशोल्ड (० की १ ठरवणारी पातळी) शून्य व्होल्टवर आहे का ते बघा, मग ड्यूटी सायकलला (१ आणि ० च्या असमान रुंदीला) दोष द्या.

टीआयईच्या (प्रत्येक एज ठरल्या वेळेपासून किती चुकली त्याच्या) स्पेक्ट्रममध्ये टोकदार रेघ दिसली की तिची फ्रिक्वेन्सी स्विचिंग रेग्युलेटरशी ताडून पाहा आणि लोड बदलून रेघ हलते का ते बघा. रेकॉर्ड १० मायक्रोसेकंदांचा असेल तर १०० किलोहर्ट्झच्या खालचं काहीच दिसणार नाही. ४० गिगासॅम्पलला २ कोटी पॉइंट घेतले की ५०० मायक्रोसेकंद मिळतात, खालची हद्द २ किलोहर्ट्झ. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शेजारच्या शेडमधल्या व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) ८-१० किलोहर्ट्झची रेघ अशा वेळी उगवते. ती पीएलएलच्या कटऑफच्या कितीतरी खाली आहे, रिसीव्हर ती गिळतो. पण लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती गेली, तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलेल्या ग्राउंडचं वेटोळं) आधी सोडवा.

क्रॉसटॉक (शेजारच्या लेनमधून, म्हणजे डेटाच्या वाटेतून, शिरणारा सिग्नल) मात्र बेमालूम रँडम जिटरचं सोंग घेतो, कारण शेजारच्या लेनचा डेटा तुमच्या पॅटर्नशी जुळत नाही आणि स्पेक्ट्रममध्ये तो पसरतो. शेजारच्या लेन एकेक करून बंद करा. रँडमचा आकडा खाली आला तर तो रँडम नव्हताच. अशा वेळी स्पेक्ट्रल पद्धतीऐवजी हिस्टोग्रामच्या टोकांना रेषा बसवणारी पद्धत निवडा आणि निदान काही लाख एज जमू द्या.