मुलांना घेऊन विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करायला जाताय? त्याआधीची तयारी

आधी दिवस ठरवा, माणसं नंतर. अनंत चतुर्दशीच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, पण मुलं पहिल्यांदाच येणार असतील तर पुण्यात तरी तो दिवस सोडून द्या. लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्ता वाहनांना बंद, ढोल-ताशांच्या आवाजात शेजारच्या बाईला मारलेली हाकही ऐकू जात नाही, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. त्यापेक्षा दीड दिवसाच्या गणपतींचा किंवा गौरींबरोबरच्या विसर्जनाचा दिवस घ्या. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. त्यामुळे तो पाचवाच दिवस असेल असं धरून चालू नका, कॅलेंडर उघडून बघा. गौरींच्या दिवशी निर्माल्य भरपूर येतं, घरोघरच्या बायका स्वतः घाटावर येतात आणि मुलांशी प्रेमानं बोलतात. तरीही अनंत चतुर्दशीलाच जायचं असेल तर दुपारी जा आणि दिवेलागणीला मुलं घरी आणा. रात्रीची पाळी मोठ्यांनी करावी.

मग जागा. मुठेच्या काठावर ओंकारेश्वर, अष्टभुजा असे घाट आहेतच, पण महापालिका बऱ्याच ठिकाणी हौद आणि लोखंडी टाक्याही ठेवते. मुलांसाठी घराजवळची टाकी केव्हाही बरी. घाटावरच जायचं असेल तर दोन-तीन दिवस आधी संध्याकाळी मुलांना न घेता एक फेरी मारून या. पायऱ्यांवर शेवाळ कुठपर्यंत आहे, दिव्याचा खांब कुठे आहे, स्वच्छतागृह उघडं असतं का, रिक्षा कुठपर्यंत येते, हे सगळं डोळ्यांनी बघा. भाद्रपदात खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठा बघता बघता चढते आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. म्हणून जायच्या दिवशी सकाळी विसर्गाची बातमी बघायचीच. पाणी सोडलं असेल तर घाट रद्द, टाकीवर जायचं, हे सगळ्या आयांनी आधीच मान्य करून ठेवावं. ऐनवेळी वाद घालायला वेळ नसतो, आणि “एवढी तयारी केली आहे तर जाऊ या” म्हणणारी एक जण असतेच.

आठ-दहा दिवस आधी क्षेत्रीय कार्यालयात एक अर्ज द्या. त्यात कोण येणार, मुलं किती, कोणत्या वेळेत आणि कोणत्या ठिकाणी, एवढंच लिहा. आरोग्य निरीक्षकांना भेटून दोन गोष्टी विचारा: निर्माल्याचा कंटेनर नेमका कुठे असेल आणि गाडी किती वाजता उचलते. घाटावर त्या दिवशी मुकादम असतात, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताया असतात, जीवरक्षक आणि अग्निशमन दलाचे जवान असतात. आपण त्यांच्या हाताखाली काम करायला जातोय, त्यांना शिकवायला नाही. ‘स्वच्छ’च्या ताया हे काम वर्षानुवर्षं करतात. पिशवी हातात आली की आत काय असेल ते त्यांना वजनावरून कळतं. मुलांना पहिली पंधरा मिनिटं त्यांच्याशेजारी नुसतं उभं करा.

आता माणसं. दहा वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस, त्यावरच्या पाच मुलांमागे एक, असा हिशोब धरा. आई येणार नाही पण मूल येणार, अशी दोन-तीन घरं निघतात. त्या आईकडून लेखी होकार घ्या, मुलाला ॲलर्जी किंवा दमा आहे का ते विचारा, आणि ते मूल कोणाच्या हाती सोपवलं आहे हे नावानिशी लिहा. ‘आम्ही सगळ्या बघू’ म्हणजे कोणीच बघत नाही. बाबा लोकांनाही नावानिशी पाळी द्या. नुसतं “जमेल तसा येतो” यावर विसंबलात तर गोण्या उचलायच्या वेळी तुम्हीच उराल. मुलांच्या लसीकरणाचं कार्डही एकदा बघा, धनुर्वाताचे डोस झालेत ना? राष्ट्रीय वेळापत्रकात ही लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते, आणि दहाव्या वर्षीची बऱ्याचदा राहून जाते. हातापायाला ताजी जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी निर्माल्यात हात घालू देऊ नका. त्याला नोंदवहीवर बसवा.

सामानात सगळ्यात आधी हातमोजे. मोठ्यांचे रबरी मोजे मुलांच्या हातातून निसटतात, म्हणून लहान मापाचे शोधून आणा आणि आदल्या दिवशी घालून बघायला लावा. हारांत बारीक तार असते, गजऱ्यात टाचण्या असतात, अर्धवट जळालेल्या उदबत्त्यांच्या काड्या पातळ मोज्यातून सरळ आत घुसतात. बोथट टोकाच्या कात्र्या, दोन ताडपत्र्या, एक घडीचं टेबल, धुतलेल्या रिकाम्या गोण्या आणि चार मोठे टब घ्या. टबांवर मुलांकडूनच ठळक अक्षरात लिहून घ्या: फुलं-पत्री, नारळ-फळं, कापड-दोरे, प्लास्टिक. गोणी अर्धीच भरायची, कारण भिजलेला झेंडू भयंकर जड होतो. गोणी मुलांनी ओढायचीही नाही. साबण, धुण्यासाठी पाण्याचा वेगळा कॅन, पंचे, प्रथमोपचाराची पेटी, डास पळवणारं मलम, दोन विजेऱ्या आणि एक शिट्टी. कायमच्या शाईच्या पेनानं प्रत्येक मुलाच्या मनगटावर आईचा मोबाइल नंबर लिहा. ११२ आणि १०९८ हे दोन नंबर मोठ्या मुलांना पाठ हवेत.

कपडे जुने, बाह्या लांब. छत्री नको, रेनकोट. पायात मागे पट्टा असलेले सँडल, साध्या चपला अजिबात नाहीत. खायला धपाटे आणि राजगिऱ्याचे लाडू पुरतात. घाटावर लोक प्रसाद देतात, तो घ्यायचा, पण हात धुतल्याशिवाय तोंडात नाही.

येण्या-जाण्याबद्दल एवढंच की त्या दिवशी गाडी काढू नका. वनाझ-रामवाडी मार्गावरची मेट्रो डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्टेशनांवर उतरवते, तिथून नदी चालत जाण्यासारखी आहे. सामानाचा टेम्पो आधीच पुढे पाठवा.

जायच्या आदल्या संध्याकाळी मुलांना सोसायटीच्या हॉलमध्ये बोलवा आणि बोलायचा सराव करून घ्या. हे अनेक जणी गाळतात, पण माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. दहा दिवस ज्याची पूजा केली त्याला निरोप द्यायला लोक आलेले असतात, कोणाचे डोळे भरलेले असतात. अशा वेळी “काका, कचरा इकडे!” असं कोणी ओरडलं की माणूस पिशवी छातीशी धरून थेट नदीकडे जातो. मुलांना सांगा: आरती पूर्ण होईपर्यंत थांबायचं, टाळ्या वाजवायच्या, “मोरया” म्हणायचं, मग जवळ जाऊन “मावशी, निर्माल्य आमच्याकडे देता का? आम्ही त्याचं खत करतो” असं विचारायचं. पिशवी दोन्ही हातांनी घ्यायची. कोणी “नाही, आम्ही नदीतच सोडणार” म्हणालं तर हसून बाजूला व्हायचं, वाद घालायचा नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या आणि इतर कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं घाटावर उभं राहून लोकांच्या शिव्या खाल्ल्या, मूर्तिदानाचं आवाहन केलं, म्हणून आज निर्माल्य मागितलं की बहुतेक जण देतात. आठवी-नववीतल्या मुलांना हे जरूर सांगा. हॉलमध्ये एका मुलाला चिडलेले आजोबा व्हायला लावा. मुलं हसून हसून लोळतात, पण दुसऱ्या दिवशी खरे आजोबा समोर आले की बावरत नाहीत.

कामं वयाप्रमाणे वाटा आणि ती खरी कामं असू द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलाला फोटोपुरती टोपी घालून उभं केलं की ते वीस मिनिटांत कंटाळून रडतं. त्याच मुलाला दूर्वांच्या जुड्यांचे दोरे सोडायला बसवा, तासभर मान वर करत नाही. सात ते दहा वयाची मुलं टेबलामागे राहून निर्माल्य घेतील आणि योग्य टबात टाकतील. अकरापुढची लोकांकडे जाऊन मागतील, पण जोडीनं, आणि शेवटच्या चार पायऱ्यांच्या वरच. पाण्याजवळ कोणीच नाही. मूर्तीला हात लावायचा नाही, ती उचलणं मोठ्या माणसांचं आणि जीवरक्षकांचं काम आहे. दर अर्ध्या तासानं शिट्टी, सगळ्यांनी टेबलाशी यायचं, हजेरी.

पिशवी उघडल्यावर काय निघतं याची कल्पना आधी द्या. झेंडू, शेवंती, जास्वंद, केवड्याचं पान, आघाडा, कापसाची वस्त्रं, जानवी, कापराच्या वड्यांची चकाकती पाकिटं, प्लास्टिकची तोरणं. शिवाय बाप्पाच्या प्रवासाची शिदोरी: दहीपोहे, बहुतेक पातळ पिशवीत, तोंडाला रबर लावून. ही पिशवी फुलांत फुटली की सगळा ढीग आंबतो. म्हणून ती शोधून काढण्याचं काम एका आईनं अंगावर घ्यावं, मुलांवर ढकलू नये. नारळ आणि न सडलेली फळं वेगळी काढली की काय करायचं ते मुकादमांना विचारा. बऱ्याचदा तिथे काम करणाऱ्या ताया घरी नेतात, आणि त्यांचा तो पहिला हक्क आहे. हारात अडकून कधी चांदीच्या दूर्वा येतात, कधी चांदीचं जास्वंद. त्यासाठी झाकणाचा एक डबा ठेवा. मिळालं की वेळ लिहून लगेच मुकादमांकडे किंवा पोलिसांकडे, घरी न्यायचं नाही. थर्माकोलचं मखर अजूनही येतं. राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे, हे आणणाऱ्याला मुलांनी सुनवायची गरज नाही. बाजूला ठेवा आणि पालिकेच्या गाडीत द्या.

सोसायटीतल्या सोसायटीत मुलांना एक काम गणपती बसण्याआधीच देता येतं. घरोघर जाऊन मूर्ती शाडूची की प्लास्टरची आणि विसर्जन घरी की बाहेर, एवढं विचारून तक्ता करायचा. शाडूची मूर्ती साध्या पाण्यात विरघळते. ती माती वाळवून मूर्तिकारांकडे परत देण्याची ‘पुनरावर्तन’सारखी मोहीम पुण्यात चालते, त्यांचं जवळचं केंद्र शोधून ठेवा. प्लास्टरची मूर्ती विरघळवायला पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालावं लागतं. ही पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं काढली. पालिका गेली काही वर्षं ती पावडर मोफत देते, पण साठा संपतो, म्हणून लवकर जा. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. तेव्हा बादली उघड्या गॅलरीत ठेवा आणि ढवळण्याचं काम मोठ्यांकडे. मोठ्या मुलांना त्यातलं रसायन समजावा: तळाशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, बसते आणि वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं असतं, ते पातळ करून झाडांना चालतं.

घाटावरचं काम दोन-तीन तासांचं. त्यानंतरचे दोन महिने कोण बघणार ते जाण्याआधी ठरलेलं हवं. सगळं निर्माल्य सोसायटीत आणायच्या फंदात पडू नका. जेवढं खत करायला जागा आहे तेवढंच आणा, बाकीचं पालिकेच्या गाडीत जाऊ द्या. आणलेलं त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी पसरलं नाही तर गोणीतच तापतं आणि वास सुटतो. मग तळमजल्यावरचे लोक पुढच्या वर्षी परवानगी देत नाहीत. दोरे कापून काढणं हे सगळ्यात किचकट काम. नायलॉनचा एक दोरा राहिला तरी पुढे खत उलथताना फावड्याला गुंडाळला जातो. पाकळ्या मोकळ्या करून एक थर निर्माल्य, एक थर वाळका पालापाचोळा, वर आंबट ताक शिंपडलेलं जुनं खत, असं रचा. ओलं फार असेल तर पालापाचोळा वाढवा. आठवड्यातून दोनदा उलथायचं. मुलांच्या जोड्या लावून तक्ता लिफ्टशेजारी चिकटवा. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात पाळी आयांकडे, हेही त्यावर आधीच लिहा.

दिवाळीच्या सुमारास ढीग काळसर आणि भुसभुशीत झालेला असेल आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास येत असेल तर चाळा. अजून पाकळ्या ओळखू येत असतील तर आणखी पंधरा दिवस थांबा. चाळलेलं खत अर्ध्या-अर्ध्या किलोच्या कागदी पिशव्यांत भरून मुलांनी आधी तक्त्यातल्या घरांना द्यावं, मग घाटावरच्या तायांना आणि मुकादमांना. पिशवीवर किंमत लिहू नका. चाळणीवर उरलेला जाडसर भाग फेकू नका, तो विरजणासारखा पुढच्या ढिगाला लावायला झाकणाच्या डब्यात राखून ठेवा. डबा कोणाच्या गॅलरीत आहे ते नोंदवहीत लिहा, नाहीतर पुढच्या भाद्रपदात अख्खी इमारत शोधत फिराल.