फ्रेंच राजबागांची जुनी कोरीव चित्रे: पारख आणि खानदेशात फ्रेम करताना

इस्रायल सिल्व्हेस्त्र आणि पेरेल घराण्याने १७व्या शतकात व्हर्सायच्या बागा तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या. हाती आलेले चित्र आधी १० पटीच्या भिंगाखाली धरा. ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची छपाई. मूळ ठशात रेषा सलग असते, शाई किंचित उंचावलेली लागते. चित्राभोवती पत्र्याचा दबलेला चौकोन दिसतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. नकलांतही तो उमटवतात. कागद उजेडासमोर धरला की त्याच्या अंगातल्याच बारीक रेषांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या रेषा दिसायला हव्यात.

खरी कसोटी फ्रेमची. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात कागद कोरडा पडून आकसतो, पावसाळ्यात फुगतो. चारही कडा चिकटवल्या तर तो सुरकुततो, कधी फाटतोही. म्हणून फक्त वरच्या कडेला, मागून, जपानी कागदाच्या (पातळ पण चिवट) दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावा. सेलोटेप नकोच, तिचा पिवळा डाग जात नाही. मागे हार्डबोर्डऐवजी आम्लरहित पुठ्ठा घ्या, कारण हार्डबोर्डातले आम्ल कागद तपकिरी करते. काच आणि चित्र यांत ३-४ मिलिमीटर जागा ठेवा, नाहीतर ओल धरून शाई काचेला चिकटते.

पश्चिमेची तापणारी भिंत टाळा. कूलरच्या झोतासमोर तर मुळीच टांगू नका: दिवसा दमट, कूलर बंद होताच कोरडे, या रोजच्या ओढाताणीनेच कागद लवकर थकतो.