ट्रॉलीला, रॅकला, फर्निचरला चाकं लावायचीयेत? कॅस्टर निवडायचे ते असे

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "चार चाकं द्या, दोन इंची, ब्रेकवाली" म्हटलं की दुकानदार देतोच, त्यात त्याची काही चूक नाही, त्याला काय माहीत तुम्ही ती कशाला लावणार ते. पण मग महिन्याभरात ट्रॉली एका बाजूला ओढायला लागते, एक चाक फिरेनासं होतं, फरशीवर काळ्या रेघा उठतात आणि आपण म्हणतो हल्लीचा मालच खराब. माल खराब असतोही कधीकधी, पण बहुतेक वेळा चाक त्या कामाचं नसतंच. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी बसून वजन, फरशी आणि अडथळे एवढं ठरवायचं, बाकी सगळं त्यावरून आपोआप ठरत जातं.

इथे मी हलक्या कामाच्या कॅस्टरबद्दलच (वस्तूखाली बसवायच्या तयार चाकांबद्दलच) बोलतोय, म्हणजे एका चाकावर साधारण ५०-६० किलोच्या आत वजन येतं असं घरातलं, दुकानातलं, ऑफिसातलं सामान. गोदामातल्या मोठ्या ट्रॉल्यांचा हिशोब वेगळा असतो.

आधी वजन काढा, आणि भागायचं तीनने

सामानाचं वजन अधिक ट्रॉलीचं स्वतःचं वजन, एवढी बेरीज करायची आणि चाकं चार असली तरी तीनने भागायचं. का, तर फरशी कधीच शंभर टक्के सपाट नसते, विशेषतः जुन्या घरातली शहाबादी किंवा मोझॅक, त्यामुळे कुठल्याही क्षणी एक चाक अर्धवट हवेत असतं आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो.

इन्व्हर्टरचंच उदाहरण घ्या. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ॲसिडसकट ५०-६० किलोच्या आसपास भरते, वर इन्व्हर्टर १०-१५ किलो, ट्रॉली दोन-तीन किलो, म्हणजे सगळं मिळून ७५ धरा. तीनने भागलं की एका चाकाला २५ किलो. मग २५ किलोचंच चाक घ्यायचं का, तर नाही, ४० चं घ्या, कारण पाकिटावर लिहिलेलं वजन सपाट फरशीवर सावकाश ढकलायच्या हिशोबाने असतं, उंबऱ्यावरून धाडकन उतरवली की त्या क्षणी चाकावर कितीतरी जास्त झटका बसतो.

पाण्याचं वजन लोक हमखास विसरतात. एक लिटर म्हणजे एक किलो, साधा हिशोब आहे, म्हणजे ६० लिटरच्या कूलरची टाकी भरली की ६० किलो नुसतं पाणीच झालं, वर कूलरची बॉडी. कुंड्यांचंही तसंच, पाणी घातलेली ओली माती कोरड्या मातीपेक्षा भलतीच जड असते. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास, त्यातला गॅस १४.२ किलो आणि बाकीचं लोखंड. पुस्तकांच्या रॅकमध्ये एका फुटाच्या रांगेत ७-८ किलो सहज होतात, चार खणांचं तीन फुटी कपाट असेल तर तुम्हीच गुणाकार करून बघा, दोन इंची प्लास्टिकची चाकं त्याखाली टिकणार नाहीत.

ऑनलाइन घेताना एक गोष्ट नीट वाचा: "१०० किलो क्षमता" लिहिलेलं एका चाकाचं आहे की चारच्या सेटचं. बऱ्याच ठिकाणी ते सेटचं असतं आणि आपण एकाचं समजून घेतो.

मग खाली वाका आणि फरशी बघा

ढोबळ नियम असा की कडक फरशीला मऊ चाक आणि मऊ फरशीला कडक चाक. घरात व्हिट्रिफाइड टाइल्स, ग्रॅनाइट, मार्बल किंवा लाकडी फ्लोअरिंग असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा टीपीआरचं (रबरासारख्या मऊ प्लास्टिकचं) चाक घ्या, आवाज कमी येतो आणि चरे पडत नाहीत. ऑफिसात जाड कार्पेट असेल तर नायलॉनचं कडक चाक बरं, मऊ चाक कार्पेटमध्ये रुतून बसतं आणि ढकलताना दम निघतो.

नायलॉन स्वस्त, मजबूत, पाण्याला न घाबरणारं, वजन असूनही हलकं पळणारं, हे सगळं खरं, पण टाइल्सवर त्याचा खडखडाट असा येतो की रात्री अकरा वाजता किचन ट्रॉली सरकवली तर खालच्या मजल्यावरच्यांना कळतं. शिवाय चाकाखाली वाळूचा खडा अडकला तर नायलॉन त्याला पोटात घेत नाही, फरशीवर तसाच घासत नेतो. लाकडी फ्लोअरिंगवर तर नायलॉन लावूच नका.

काळं रबर मऊ असतं, आवाज करत नाही, पण हलक्या रंगाच्या फरशीवर काळे डाग सोडतं आणि ते डाग पुसता पुसता नाकी नऊ येतात. राखाडी रंगाचं, डाग न पाडणारं म्हणून मिळतं ते मागा. आणि जड सामान महिनोन्महिने एकाच जागी उभं राहणार असेल तर मऊ रबर खालून चपटं होतं, मग हलवताना ते गोल फिरत नाही, थड थड उड्या मारत जातं.

पीयू मला घरासाठी सगळ्यात पटतं, पण तेही आंधळेपणाने घेऊ नका. काही प्रकारचं पीयू सततच्या दमट उष्ण हवेत हळूहळू कुजतं, वरचा थर भुसभुशीत होऊन तुकडे पडायला लागतात, बोट लावलं तरी चिकट चुरा हाताला येतो. मुंबई-कोकण-गोव्याकडे, त्यातून कायम ओल्या बाल्कनीत किंवा मोरीजवळ ठेवायची वस्तू असेल तर नायलॉनच घ्या. किनाऱ्याजवळ चाकाच्या वरच्या पत्र्याकडेही बघा, साधं झिंक प्लेटिंग खाऱ्या हवेत गंजतं, तिथे स्टेनलेस स्टीलचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

व्यास: इथे कंजूषी करू नका

छोटं चाक दिसायला छान, फर्निचरखाली लपतं, उंची वाढत नाही, म्हणून सगळे दोन इंची घेतात. पण चाकाची खरी परीक्षा अडथळ्यावर होते. समजा वाटेत १० मिलिमीटरची पट्टी आहे, दोन खोल्यांमध्ये मार्बलची असते तशी. गणित मांडलं तर ५० मिलिमीटरच्या चाकाला ती चढायला, त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या सव्वापटीहून जास्त जोराने आडवं ढकलावं लागतं. तेच चाक १०० मिलिमीटरचं घेतलं तर पाऊणपट जोर पुरतो. म्हणजे बॅटरीच्या ट्रॉलीत एका चाकावर २५ किलो असतील तर छोट्या चाकाला ३० किलोच्या वर जोर लावायचा आणि मोठ्याला १९ च्या आत. घरात आई-बाबा ही ट्रॉली सरकवणार असतील तर हा फरक त्यांच्या कंबरेला कळतो, म्हणून म्हणतो की इथे पैसे वाचवू नका.

एकाच खोलीत सपाट फरशीवर हलवायचं असेल तर ४०-५० मिलिमीटर पुरे. खोलीतून खोलीत जायचं असेल तर ७५. लिफ्टच्या दारातली फट, सोसायटीचे पेव्हर ब्लॉक, पार्किंगचा रॅम्प असं काही वाटेत असेल, म्हणजे घरगुती डब्यांचा किंवा केकचा व्यवसाय आहे आणि माल गाडीपर्यंत न्यायचाय, तर १०० किंवा १२५ च घ्या.

मात्र चाकाचा व्यास म्हणजे वाढणारी उंची नव्हे. वर पत्रा, बेअरिंग, प्लेट असते, त्यामुळे ५० च्या चाकाने वस्तू साधारण ७० मिलिमीटरने वर जाते आणि ७५ च्या चाकाने १०० च्या आसपास. ओट्याखाली सरकवायची ट्रॉली असेल तर आधी टेप लावा, नाहीतर सगळं झाल्यावर ती आत जाणार नाही.

फिरती किती आणि फिक्स किती

फिरतं म्हणजे कुठल्याही दिशेला वळणारं चाक, फिक्स म्हणजे फक्त सरळ जाणारं. छोट्या किचनमध्ये, अरुंद जागेत चारही फिरती घ्या, ट्रॉली आडवी सरकवता येते. लांब अंतर ढकलायची असेल तर पुढे दोन फिक्स आणि हँडलच्या बाजूला दोन फिरती, म्हणजे ती सरळ जाते. चारही फिरती लावून लांबच्या पॅसेजमधून ढकललीत तर ती सारखी भिंतीकडे वळेल.

फिरतं चाक प्लेटच्या खाली बरोबर मध्यात नसतं, थोडं बाजूला असतं, त्यामुळेच ते ढकलल्या दिशेने वळतं. म्हणून ते वळताना कडेबाहेर येईल की नाही हे हाताने गोल फिरवून बघा. त्यासाठी प्लेट आत घ्यावी लागते, पण फार आतही नको. उंच आणि अरुंद रॅकची चाकं सगळी आतल्या बाजूला वळली की पायाच लहान होतो आणि रॅक कलंडतो. घरात लहान मुलं असतील तर हे फार मनावर घ्या, मुलं रॅकला धरून उभी राहतात. जड सामान खालच्या खणात, आणि पाया अरुंद वाटला तर खाली रुंद फळी लावून तिला चाकं.

ब्रेक चारपैकी दोन चाकांना पुरतात, फक्त पाय पोचेल अशा बाजूला हवेत. साधा ब्रेक नुसतं चाक अडवतो, वरचा भाग फिरतच राहतो, त्यामुळे ज्या टेबलावर कणीक मळायची किंवा काही कापायचं ते जागच्या जागी डुलतं. तिथे चाक आणि फिरणं दोन्ही अडवणारा टोटल लॉक मागा. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तिथे ब्रेकशिवाय कुंडीचा स्टँड ठेवूच नका.

लावायचं कसं

चाक चांगलं असूनही लावण्यात वाट लागते, आणि पार्टिकल बोर्डच्या फर्निचरमध्ये तर हमखास. नुसते स्क्रू पिळले की ढकलताना बसणाऱ्या आडव्या झटक्यांनी ते भोक मोठं करत जातात आणि एक दिवस प्लेट स्क्रूसकट निघून हातात येते. तिथे आरपार भोक पाडून बोल्ट टाका, वरून रुंद वॉशर, आणि सैल न होणारा नायलॉक नट. बोर्ड फारच पातळ असेल तर आतून १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा ठेवून त्यातून बोल्ट काढा.

लोखंडी अँगलची ट्रॉली फॅब्रिकेटरकडून करून घेत असाल तर त्याला चाकाची प्लेट थेट वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने बेअरिंगमधलं ग्रीस जळतं, चाकही वितळू शकतं, आणि पुढे ते बदलायचं म्हटलं की ग्राइंडरच लावावा लागतो. फ्रेमला भोकं पाडलेली पट्टी वेल्ड करून घ्या आणि चाक त्यावर बोल्टने बसवा.

पाईपच्या पायांना आट्यांचा बोल्ट असलेलं चाक लागतं, एम८, एम१०, एम१२ असं (आकडा म्हणजे बोल्टची जाडी मिलिमीटरमध्ये). जुनं चाक सोबत घेऊनच दुकानात जा, कारण तीन-अष्टमांश इंची बोल्ट आणि एम१० डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात, दोन-तीन आटे चढतातही, आणि मग अडकून आतले आटे खराब होतात. ऑफिसच्या खुर्चीला आटे नसतात, गुळगुळीत पिन आणि तिला एक रिंग असते, चाक सरळ ओढलं की निघतं. ही पिन बहुतेक खुर्च्यांची ११ मिलिमीटर जाड आणि २२ लांब, पण आयकियाच्या बऱ्याच खुर्च्यांची १० मिलिमीटरची, ती आधी मोजा. खुर्चीच्या चाकात दोन रंग दिसले, म्हणजे कडेचा पट्टा वेगळ्या रंगाचा असेल, तर ते टाइल्ससाठीचं मऊ चाक, आणि सगळं एकाच रंगाचं असेल तर कार्पेटसाठीचं कडक, निदान युरोपियन पद्धतीने बनवलेल्या चाकांत तरी.

चाकं लावून झाली की रिकामी ट्रॉली पळवून खूश होऊ नका, पूर्ण भरा आणि ज्या वाटेने ती रोज जाणार त्याच वाटेने न्या. आठवड्याभराने एकदा सगळे नट पाना लावून तपासा, सुरुवातीलाच ते थोडे बसतात. पुढे दोन-तीन महिन्यांनी उलटी करून ॲक्सलमध्ये गुंडाळलेले केस आणि दोरे ब्लेडने कापून काढा, चाक जाम व्हायचं हे घरातलं नेहमीचं कारण. तेल घालायचं तर फक्त बेअरिंगला थेंबभर, रबरावर नको, तेलाने रबर फुगतं.

आणि वॉशिंग मशीनला कृपा करून चाकं लावू नका. ब्रेक असले तरी स्पिनच्या वेळी ते जागेवरून चालायला लागतं आणि पाण्याचा पाईप ओढला जातो. मशीन वारंवार हलवावंच लागत असेल तर चाकांसोबत स्क्रूने खाली येणारे पाय असलेला स्टँड मिळतो, मशीन चालवायच्या आधी ते चारही पाय खाली करून चाकं पूर्ण उचललेली आहेत ना ते हात घालून बघा.