बंद पडलेल्या रेस्टॉरंट साखळीच्या लिलावातून सामान घेताय? या चुका टाळा

मे 2024 मध्ये अमेरिकेत रेड लॉब्स्टर या जुन्या सीफूड साखळीची पन्नासावर रेस्टॉरंटं एका झटक्यात बंद झाली. दाराला कुलूप लागलं आणि त्याच आठवड्यात आतल्या सामानाचा ऑनलाइन लिलाव सुरू झाला. अट अशी, की एक रेस्टॉरंट म्हणजे एकच बोली. जिंकणाऱ्याने ओव्हन, फ्रायर, खुर्च्या, लॉब्स्टरच्या टाक्या सगळं उचलायचं. कंपनीचा चॅप्टर 11 खालचा दिवाळखोरीचा अर्ज आला 19 मे रोजी, म्हणजे लिलाव उरकल्यावर.

अशा लिलावाचे फोटो बघून भल्याभल्यांचं भान सुटतं. चकचकीत स्टील, नावाजलेल्या कंपनीची मशीनं, नव्याच्या काही अंशात किंमत. पण दुकान अचानक बंद पडलंय, ही गोष्टच सामानाची निम्मी कहाणी सांगते. तिकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

"कालपर्यंत चालू होतं" यावर विसंबणं

चालू असेलही. पण ते बंद कसं झालं? ठरवून बंद होणाऱ्या जागेत शेवटच्या दिवशी फ्रायरमधलं तेल काढतात, बर्फाचं मशीन रिकामं करून कोरडं करतात, फ्रीज धुऊन दारं उघडी ठेवतात. अचानक बंद होणाऱ्या जागेत कर्मचाऱ्यांना सकाळी निरोप मिळतो आणि दुपारी ते घरी असतात. त्यात कोणी तेल काढत बसत नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थही नाही.

मग विजेचं कनेक्शन तुटतं. वॉक-इन कूलरमधला (माणूस आत शिरू शकेल अशा शीतखोलीतला) माल आतच कुजतो आणि तो वास दाराच्या रबरात मुरतो. रबर बदलता येतं. पण पाणी बाष्पकाच्या (आतली हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या) ट्रेमध्ये साचून राहिलं असेल तर पंख्याच्या मोटरपर्यंत गंज पोचलेला असतो. फ्रायरमध्ये तेल गोठून बसलं असेल तर वरून बघून काही कळत नाही. खालचं दार उघडा, टॉर्च मारा, टाकीच्या वेल्डिंगखाली हात फिरवा. तिथे चिकट, तपकिरी ओघळ लागला तर टाकी गळतेय. बर्नर बदलता येतो, थर्मोस्टॅट बदलता येतो, पण गळकी टाकी म्हणजे भंगार.

पाहणीचा दिवस ठेवलेला असेल तर जा, एवढंच नाही, मेकॅनिकला घेऊन जा. पाहणीच ठेवली नसेल आणि फक्त फोटो असतील, तर मशीन बंद पडलेलंच आहे असं धरून बोली लावा. "जसं आहे तसं, जिथे आहे तिथे" ही ओळ प्रत्येक लिलावाच्या अटींत असते, आणि तिचा अर्थ अक्षरशः तेवढाच असतो.

मशीन कोणाचं, हे न विचारणं

ही चूक मी केली आहे. एका लिलावात भांडी धुण्याचं मशीन घेतलं, आणलं, प्लंबरकडून बसवून घेतलं. दहाएक दिवसांनी साबण पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस दारात उभा. मशीन त्यांचं होतं, रेस्टॉरंटला भाड्याने दिलेलं. मागच्या बाजूला, पाइपाच्या आड त्यांच्या नंबराचं स्टिकर होतं. मी फोटो फक्त समोरून पाहिला होता. लिलाववाल्याने बोलीची रक्कम परत केली. वाहतूक आणि प्लंबरचे पैसे गेले ते गेलेच.

रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांच्या मालकीच्या वस्तू ठरलेल्या असतात. भांडी धुण्याचं मशीन बऱ्याचदा साबणवाल्याचं, सोडा मशीन पेयांच्या कंपनीचं, कॉफी मशीन कॉफी पुरवणाऱ्याचं, आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर जवळजवळ नेहमीच गॅस कंपनीचं. मागची आणि खालची स्टिकरं वाचा आणि यादी घेऊन लिलाववाल्याला लेखी विचारा.

दुसरा दावेदार म्हणजे जागामालक. एक्झॉस्ट हूड, सांडपाण्यातलं तेल अडवणारा जमिनीतला ग्रीस ट्रॅप, छतावरचे कंडेन्सर, भिंतीला ठोकलेली बाकं यांना तो "इमारतीचा भाग" म्हणू शकतो, आणि भाडेकरार त्याच्या बाजूने असेल तर तुम्ही बोली जिंकूनही हात हलवत परत येता. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या कलम 363 खाली कोर्टाने मंजूर केलेल्या विक्रीत सामान सहसा बोजामुक्त, म्हणजे जुन्या देणेकऱ्यांच्या दाव्यांशिवाय मिळतं. मात्र दिवाळखोरीच्या अर्जाआधीच लिलाव झाला तर डोक्यावर ते छत्र नसतं, आणि कोर्टाची विक्री असली तरी भाड्याचं मशीन बंद पडलेल्या रेस्टॉरंटच्या मालकीचं होत नाही.

बोलीच्या आकड्याला किंमत समजणं

बोलीवर लिलाववाल्याचं बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन चढतं, त्यावर कर, मग मजूर, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट, गॅस आणि वीज सोडवणारे परवानाधारक लोक, बऱ्याच ठिकाणी विम्याचा दाखलाही. उचलायला मोजकेच दिवस मिळतात. मुदत चुकली तर सामानही जातं आणि पैसेही. सगळं मिळून एकच बोली असेल तर नको असलेल्या ऐंशी खुर्च्या हलवण्याचा खर्चही तुमचाच. हे सगळं आधी कागदावर मांडा, नव्या मशीनच्या किमतीतून वजा करा, उरेल त्याच्या आत बोली थांबवा. आकडा घरी ठरवायचा, पडद्यावर शेवटची दोन मिनिटं उरल्यावर नाही.

नेमप्लेट न वाचणं

मशीनवरची ती बोटभर पट्टी फोटोत नसेल तर मागून घ्या. तिच्यावर व्होल्टेज, फेज, गॅसचा प्रकार आणि रेफ्रिजरंट (थंड करणारा वायू) कोणता ते असतं. साखळी रेस्टॉरंटची मशीनं मोठ्या कामासाठी असल्याने बऱ्याचदा थ्री फेजवर चालतात. तुमच्याकडे सिंगल फेज असेल तर मिक्सर फेज कन्व्हर्टर लावून चालवता येईल, मोठ्या विजेच्या ओव्हनसाठी मात्र नवी लाइनच घ्यावी लागेल.

गॅसचं प्रकरण जास्त गंभीर आहे. तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूपेक्षा एलपीजीत सुमारे अडीचपट उष्णता असते, आणि तो येतोही जास्त दाबाने, म्हणून त्याच्या बर्नरचं भोक लहान असतं. नैसर्गिक वायूची शेगडी तशीच एलपीजीला जोडली तर पिवळ्या, लांब, काजळी सोडणाऱ्या ज्वाळा उठतात आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. उलट केलं तर ज्योत मरतुकडी राहते. एका गॅसवरून दुसऱ्यावर नेणारं कन्व्हर्जन किट मिळतं का, हे त्या मॉडेलच्या नंबरावरून बोलीआधीच विचारा. भोकं ड्रिलने मोठी करून देणारे लोक भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार करा.

रेफ्रिजरंटच्या जागी आर-22 लिहिलेलं दिसलं तर ते मशीन सोडा. अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात 1 जानेवारी 2020 पासून बंद आहे. एकदा गळती झाली की गॅस भरण्यातच मशीनची किंमत निघून जाईल.

कटावणी घेऊन वॉक-इन सोडवायला जाणं

वॉक-इनच्या भिंती म्हणजे आतून हुकांनी जोडलेले पॅनेल असतात. कडेच्या गोल भोकातली प्लॅस्टिकची टोपी काढायची, अॅलन की घालून फिरवायची, हूक सुटतो. घाईत कटावणी घातली की पॅनेलची कड फुटते, आतला फोम उघडा पडतो आणि पुन्हा जोडलेली खोली कधीच नीट थंड होत नाही. सोडवण्याआधी प्रत्येक पॅनेलवर मार्करने नंबर टाका, फोटो घ्या. कॉम्प्रेसरची तांब्याची नळी करवतीने कापू नका. आतला रेफ्रिजरंट हवेत सोडणं अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याखाली गुन्हा आहे. प्रमाणित तंत्रज्ञाकडून तो आधी काढून घ्या.

आणल्यावर चालत नाही तेव्हा

फ्रीज किंवा बर्फाचं मशीन आडवं आणलं असेल तर लगेच प्लग लावू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं. उभं करून 24 तास राहू द्या. बर्फाचं मशीन चालतंय पण बर्फ पडत नाही? आधी पाण्याचा फिल्टर आणि क्षार बघा, मग ते वॉटर-कूल्ड आहे का बघा, कारण त्याला थंड करण्यासाठी वेगळी पाण्याची लाइन लागते आणि ती अनेकजण जोडतच नाहीत. फ्रायर पेटून लगेच विझत असेल तर संशयित क्रमांक एक थर्मोकपल (ज्योत पेटलेली आहे का हे ओळखणारा सेन्सर), आणि ते स्वस्त असतं. कॉम्बी ओव्हन (वाफ आणि गरम हवा दोन्हींवर शिजवणारा) पासवर्ड मागत असेल तर साखळीने मेन्यू लॉक केलेला आहे. अंदाजाने आकडे दाबत बसू नका, निर्मात्याच्या सर्व्हिस सेंटरला मशीनचा नंबर द्या.

आणि सामान उचलायला जाल तेव्हा मॅनेजरच्या टेबलाचा खण विसरू नका. मशीनची पुस्तकं, सर्व्हिसच्या नोंदी, फ्रीजच्या किल्ल्या तिथेच असतात, आणि जागा रिकामी करणारे पहिल्याच दिवशी ते कागद कचऱ्यात टाकतात. लिलाववाल्याला सांगून आधी ते ताब्यात घ्या, मग फ्रायरला हात लावा.