टॉवेल-वॉर्मरसाठी फरशीचं पाणी तापवू नका
जर्मनीतल्या घरांत खोली उबदार ठेवायला फरशीखालच्या पाइपांतून गरम पाणी फिरवतात, त्यांना साधारण ३० ते ४० अंशांचं पाणी पुरतं. टॉवेल-वॉर्मरला, म्हणजे बाथरूममधल्या टॉवेल वाळवायच्या गरम पाण्याच्या रॅकला, मात्र ५० च्या आसपास लागतं. फरशीच्याच लाइनवर तो जेमतेम कोमट होतो. पण म्हणून सगळंच पाणी जास्त तापवू नका! युरोपीय मानकाप्रमाणे फरशीचा पृष्ठभाग खोलीत २९ आणि बाथरूममध्ये ३३ अंशांपुढे जाऊ नये. पाणी तापवायला हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारं विजेचं यंत्र) असेल तर वीजबिलही वाढतं. त्यापेक्षा वॉर्मरमध्ये विजेचा रॉड बसवून घ्या. रॉड चालू असताना वॉर्मरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवू नका, परतीचा (पाणी जिथून परत जातं तो) उघडाच हवा, कारण तापलेलं पाणी फुगतं. फरशीचं तापमान बदलताना एकदोन अंशच बदला आणि दिवसभर थांबा. पाइपांवरचा सिमेंटचा थर तापायला तास न् तास लागतात.